बारा नंबरचा पाना

मंगळवार, ५ ऑगस्ट

साखर ९.८.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी ही वही दिली आणि वर दम भरला. रोज सकाळची रक्तातली साखर लिहायची (सातच्या आत हवी म्हणे), खाल्लेलं लिहायचं, खोटं लिहायचं नाही. बरं. काल खाल्लं: उकडलेला तारोचा कंद, नारळाच्या दुधातली पानं, एक मासा. डब्यातलं खारं गोमांस खाल्लं नाही. म्हणजे तळाशी चिकटलेलं तेवढं खाल्लं, नाहीतर ताई ते टाकूनच देणार होती.

पान केवढं आणि आकडा केवढा! उरलेल्या जागेत माझं मी लिहीन म्हणतो. नर्सबाई आकड्याच्या पुढे वाचणार नाहीत.

काल चर्चची व्हॅन केली. जुनी आहे, जपानमधून ऑकलंडला गेली, तिथे झिजली आणि मग आमच्या बेटावर आली. चार सिलिंडरची, इंजेक्शनवाली. चढाला जड जात होती म्हणून टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, लावायचं होतं. ड्रायव्हर अलेसाना म्हणाला, "मिस्त्री, धक्क्यावरच्या गॅरेजात टायमिंगचा दिवा आहे. मागून आणू का?" म्हटलं, दिवा आंधळ्याला लागतो. ऑकलंडच्या गॅरेजात बावीस वर्षं मी कानाने टायमिंग लावलं. प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट ढिला करायचा, तो केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवायचा, आणि इंजिन गोड बोलायला लागलं की बोल्ट आवळायचा. त्यात काय आहे?

गोड आवाज सापडला आणि नेमका संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख झाला. पहिल्या शंखाकडे मी कानाडोळा केला. दुसऱ्याला इओपूच येऊन उभा राहिला, शंख काखेत. इओपू शेजारीच राहतो. माझा लहानपणापासूनचा दोस्त, आणि गावाचा शंख त्याच्याकडे.

"ठेव तो पाना," म्हणाला.

"अरे, एक मिनिट."

"देवापुढे तुझं इंजिन मोठं का रे? ठेव म्हणतो ना! तुझ्यामुळे मला सभेत बोलणी खायची नाहीत."

दुसरा शंख झाला की आमच्या रस्त्यावर माणूस नाही, गाडी नाही, आवाज नाही. इंजिन बंद केलं, हात होते तिथून काढले आणि घरात जाऊन बसलो. ताईने प्रार्थना लांबवली. आधी तिचे गुडघे, मग एकूण एक नातवंडं नावानिशी. मग जेवण झालं आणि डोळा लागला तो लागलाच. आज उजाडता उजाडता अलेसाना व्हॅन घेऊन गेला. मी अंथरुणातूनच आवाज ऐकला. एकदम फर्स्टक्लास.

गुरुवार, ७ ऑगस्ट

साखर १०.१. खाल्लं: भाजलेला विलायती फणस, चहा बिनसाखरेचा (दोन चमचे).

बारा नंबरचा पाना सापडत नाही. दांड्यावर लाल रंग लावलेला, ऑकलंडच्या मालकाने निरोपाला दिलेला. शेड उलटीपालटी केली. गल्लीतल्या पोरांना जमवून चार शिव्या हासडल्या. सगळी म्हणतात आम्ही नाही. कोण म्हणेल हो मी घेतला?

सकाळी नेहमीसारखा मासेलिनाकडे सुई घ्यायला गेलो. मासेलिना इओपूची मुलगी. नवरा न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेलाय, ही इथे दुकान चालवते. पाव, साबण, टिनातले मासे, मागे पिंपात पेट्रोल. आमच्या बाजूला धड चालणारा फ्रिज तिचाच, म्हणून माझं इन्सुलिन तिच्याकडे असतं. आठ वाजले आणि मी नाही दिसलो की रस्त्यात येऊन हाक मारते, "काका, सुई!" सगळ्या गावाला कळतं. मी रागावतो. ती ऐकत नाही.

शनिवार, ९ ऑगस्ट

साखर १०.९.

व्हॅन मिसिंग मारायला लागली. अलेसाना सांगत होता, उतारावर पाय उचलला की मागून फटाका, चढावर धापा. दुपारी मासेलिनाच्या दुकानासमोर बंदच पडली. तिथेच बॉनेट उघडून त्याने चार ठिकाणी थापा मारल्या, तिने पाणी आणून दिलं, मग कशीबशी इथवर आणली.

"मिस्त्री, परवाच तुम्ही हात लावलाय ना हिला?"

"मी हात लावला म्हणून इथवर तरी आली," म्हटलं.

प्लग काढले. तिसरा काळाकुट्ट होता. मनात म्हटलं, सापडला चोर. चारही नवे टाकले. सुरू केली, जागेवर बरी वाटली. अलेसाना निघाला आणि वळणावर परत एक बार उडाला. गल्लीतली कुत्री अजून भुंकतायत.

मंगळवार, १२ ऑगस्ट

साखर ११.४. काल रात्री जेवलो नाही, तरी वाढली.

काल वाईट झालं. अलेसाना ज्या बोटीची माणसं आणतो ती उशिरा लागली. तो चर्चसमोर पोचला आणि दुसरा शंख झाला. नियमाप्रमाणे त्याने तिथेच किल्ली बंद केली. गाव चिडीचूप, घराघरात माना खाली, आणि व्हॅनच्या सायलेन्सरमधून धडाम! बंदूकच झाडली म्हणा ना. पाळकसाहेबांच्या सासूबाई नव्वदीच्या, त्या प्रार्थनेतच कोलमडल्या. तोंडावर पाणी मारून उठवलं. अजून अंथरुणात आहेत म्हणतात.

आज सकाळी गावसभा. सगळे मताई, घराघराचं नाव सांभाळणारे प्रमुख, आपापल्या खांबाला टेकून बसलेले. आमच्या घरची मताई ताई आहे, ती तिच्या खांबाला. मी तिच्यामागे चटईच्या कडेला. अलेसानाला पुढे बसवलं. त्याने सरळ सांगितलं, "मला गाडी चालवता येते, तिच्या पोटातलं कळत नाही. मिस्त्रींना विचारा."

चाळीस डोळे माझ्याकडे. पाठ ताठ केली. मी शनिवारी त्या गाडीत डोकं घालून बसलो होतो आणि मला काही कळलेलं नव्हतं. हे मी इथे लिहितोय. तिथे म्हणालो नाही. तिथे म्हणालो, "पेट्रोल. पेट्रोलमध्ये पाणी आहे."

कोणी म्हणालं, दाखव. मी शेडमधून बाटली आणली, धुऊन घेतली, व्हॅनच्या टाकीतून नळीने पेट्रोल काढलं आणि सभेपुढे ठेवली. थोड्या वेळाने तळाशी पाण्याचा पातळ थर दिसायला लागला. सगळ्यांनी बघितलं. मलाही हायसं वाटलं, खरं सांगतो. बाटली धुतल्यावर पुसली होती का, ते आता आठवत नाही. पुसलीच असेल.

व्हॅनचं पेट्रोल मासेलिनाच्या पिंपातलं, म्हणून तिला बोलावलं. ती म्हणाली, "माझ्या पिंपात पाणी नाही. मी रोज संध्याकाळी झाकण आवळून, हाताने परत बघून मगच आत जाते." इओपूला विचारलं तर तो म्हणाला, "माझ्या घरची गोष्ट आहे, मी बोलणार नाही." खाली बघत होता.

निकाल झाला. मासेलिनाच्या घराने एक डुक्कर आणि दहा पेट्या टिनातले मासे द्यायचे, पेट्रोल विकणं बंद. ताईने घरी येताना एवढंच विचारलं, "नक्की ना?" मी म्हटलं, बावीस वर्षं काय झक मारली का मी?

बुधवार, १३ ऑगस्ट

साखर १२.०.

सुई तर घ्यायला हवी. पाऊण तास अंगणात घुटमळलो. आज तिने रस्त्यातून हाक मारली नाही. गेलो तर तिने फ्रिज उघडून सुई ठेवली पुढ्यात. नेहमीसारखी फडक्यात गुंडाळून, बर्फाच्या तुकड्यासकट.

"काका, तुमची एक वस्तू माझ्याकडे..."

"ताईचा डबा असेल. राहू दे. घाई आहे मला."

तिने फ्रिज लावून घेतला. मला कसली घाई होती? घरी येऊन मी नुसता पायरीवर बसून होतो.

शनिवार, १६ ऑगस्ट

साखर १२.७. पाव खाल्ला, नारळाच्या सायीतला, तीन. खोटं कशाला लिहू?

टाकी पुरी रिकामी केली. धक्क्यावरून नवं पेट्रोल आणलं. फिल्टर नवा. सुरू केली. मिसिंग तशीच. रस्त्याला लागली आणि दोन बार.

अलेसाना दात काढत उभा. "नाचता येईना अंगण वाकडं, मिस्त्री! आता अंगणपण बदललं की."

"तोंड सांभाळ," म्हटलं. "पाण्याने पेट्रोल फवारणारे नोझल खराब केले असतील." नोझल काढून साफ केले. प्लगच्या वायरींच्या टोकांना समुद्राच्या हवेने हिरवा गंज चढला होता, त्या बदलल्या. डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून आतली टोकं घासली. हवेच्या नळ्यांवर साबणाचं पाणी सोडून बुडबुडे शोधले. दिवसभर. उपयोग शून्य. सगळं बदलून झालं, आता व्हॅनच बदलायची राहिली.

उन्हं उतरताना इओपू आला. आम्ही रोज संध्याकाळी सोंगट्या खेळतो, पण मंगळवारपासून तो आला नव्हता. आज आला पण पट मांडला नाही. नुसता बसला. मी म्हटलं, "मी काय मुद्दाम केलं का? पाणी दिसलं ते सगळ्यांना दिसलं."

तो म्हणाला, "तुझा बारा नंबरचा पाना सापडला का?"

"पोरांनी नेला."

"पोरांनी," म्हणाला. थोडा वेळ बसला आणि उठून गेला. म्हातारा झालाय. मुलीवर आभाळ कोसळलंय आणि ह्याला माझ्या पान्याचं पडलंय.

मंगळवार, १९ ऑगस्ट

साखर १३.६.

हे लिहावं की नाही ते कळत नाही. लिहितो.

दुपारी व्हॅन शेडमध्ये एकटी. परत एकदा वायरी तपासायला वाकलो, तोल गेला म्हणून आधाराला डिस्ट्रिब्युटर धरला. तो माझ्या हाताबरोबर फिरला. आख्खा फिरला! बोल्ट नुसता बोटाने लावल्यासारखा. मी तिथेच उभा. त्या संध्याकाळी इओपू दारात आला, मी पाना ठेवला, प्रार्थना, जेवण, झोप. आवळायचा राहिला तो राहिलाच. पहिले काही दिवस तसाच अडकून राहिला, मग खड्ड्यांनी हलत हलत मागे सरकला. टायमिंग गेलं. म्हणून मिसिंग, म्हणून धापा, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन बार.

झाकण दोनदा उघडलं मी. आत बघितलं. त्या बोल्टकडे बघितलं नाही, कारण तो मी आवळलेला होता. माझा हात लागलेली जागा तपासायची गरजच काय, असा माझा माज.

शेडमध्ये कोणी नव्हतं. शेजारून उसना आणलेला पाना घेतला. डिस्ट्रिब्युटर फिरवून जागेवर आणला, बोल्ट आवळला. इंजिन असं चाललं, असं चाललं की मला रडू आलं. अलेसाना धावत आला. "काय केलंत?" मी म्हणालो, "जुनं पाणी उरलं होतं कुठेतरी. निघालं."

असं म्हणालो मी. माझ्याच तोंडाने.

रविवार, २४ ऑगस्ट

साखर १४.३.

आज पाळकसाहेबांनी चर्चमध्ये माझं नाव घेतलं. "देवाने सेटेफानोला कान दिले," म्हणाले, "आणि त्याने ते मंडळीच्या सेवेला लावले." लोक वळून वळून बघत होते, हसत होते. जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते काय असतं ते आज कळलं.

मासेलिना गाणाऱ्या बायकांत पुढे असते. आज सगळ्यात मागच्या बाकावर होती, पांढरी टोपी डोळ्यांवर ओढून. तिच्या बाकावर दुसरं कोणी बसलं नाही. तिच्या दुकानातला पावही आता कोणी घेत नाही. जिने पेट्रोलमध्ये पाणी घातलं ती पिठात काय घालत असेल, असं एक बाई माझ्यादेखत म्हणाली. मी त्या बाईकडे बघून मान हलवली. का हलवली?

बाहेर इओपू भेटला. "व्हॅन छान चालतेय."

"हो."

"पाना?"

"नवा घेईन आता."

तो माझ्याकडे बघत राहिला. काहीतरी बोलणार असं वाटलं, पण टोपी डोक्यावर ठेवून निघून गेला. चोराच्या मनात चांदणं. दिवसभर मला वाटत राहिलं की ह्याला माहीत आहे. पण माहीत असतं तर मुलीची ही दशा बघत गप्प बसला असता का? ह्याला सोंगट्या खेळायला जोडीदार हवाय, बाकी काही नाही.

बुधवार, २७ ऑगस्ट

साखर १५.२.

मासेलिनाच्या दुकानात खोके बांधून ठेवलेले. ती राजधानीला, आपियाला, नणंदेकडे चालली, येत्या सोमवारच्या बोटीने. दुकान बंद. फ्रिजही विकलाय, ती निघाली की नेतील.

मी मुकाट सुई घेतली. ती म्हणाली, "काका, तुमच्या सुयांचं मी नर्सबाईंशी बोलले. दवाखान्याच्या फ्रिजमध्ये राहतील. अलेसाना रोज सकाळी घेऊन येईल, पण तो उशीर करतो, त्याला आठची आठवण करत जा. आणि साखर वाढलीय तुमची. चेहऱ्यावर दिसते."

मी म्हणालो, "बरं."

बरं! एवढंच. हिला गावातून घालवलं मी, आणि जाता जाता ही माझ्या सुईची सोय लावून चाललीय. घरी आलो आणि सुई टोचताना दोनदा चुकलं. हा असला माणूस मी. अठ्ठावन्न वर्षांचा. बोल्ट ढिला राहणं हा गुन्हा नाही, कोणाचाही राहतो. पण नंतर मी जे जे केलं ते सगळं शुद्धीवर असताना केलं.

गुरुवार, २८ ऑगस्ट

साखर मोजली. १५.९.

ताईला सांगितलं.

ती ओट्यावर बसून चटईसाठी पानांच्या पट्ट्या सोलत होती. मी समोर मांडी घालून बसलो आणि सगळं सांगितलं. शंख, पाना, बोल्ट, बाटली. ती सोलत राहिली. मग म्हणाली, "हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"कोणालाच नाही."

"मग सांगतोस कशाला? सोमवारी ती जाईल. महिन्याभरात लोक विसरतील."

मी म्हणालो, "मला नाही विसरता येत. ती मला रोज सुई देते."

तेव्हा तिने सुरी खाली ठेवली. लहानपणी मारायच्या आधी ठेवायची तशी. पण मारलं नाही. म्हणाली, "माझ्या गादीखालची चटई काढ."

मी गादी उचलली. खाली तीन चटया. वरची काढली तर म्हणाली, "ती नव्हे. खालची."

खालची म्हणजे आईने विणलेली. दोन वर्षं विणत होती आई, रेशमासारखी मऊ, कडेला लाल पिसं. ताईने ती स्वतःच्या मरणासाठी राखून ठेवलीय. सगळ्या घराला माहीत आहे. आमच्यात मोठी माफी मागायची तर घराच्या मताईने चटई डोक्यावर घेऊन त्यांच्या अंगणात बसायचं, त्यांनी ती उचलली तर माफी.

"ताई, ती नको. दुसरी घे. चूक माझी आहे, तू कशाला बसतेस चटईखाली? मी एकटा जातो."

"घराचं नाव कोणाकडे आहे?"

"तुझ्याकडे."

"मग बसणार कोण? सभेहून येताना मी तुला विचारलं होतं, नक्की ना म्हणून. तेव्हा हो म्हणालास. आता बोलू नकोस."

आमच्यात भावाने बहिणीला जपायचं असतं. तिच्या अंगावर ऊन पडलं तरी भावाची मान खाली. आणि मी माझ्या सहासष्ट वर्षांच्या बहिणीला, गुडघे गेलेल्या, दुसऱ्याच्या अंगणात गुडघ्यावर बसवणार आहे. आईने बघितलं असतं तर? बरं झालं आई नाही.

शनिवार, ३० ऑगस्ट

साखर मोजली नाही.

उजाडायच्या आत निघालो. पुढे ताई, मग मी खांद्यावर सरपण आणि टोपलीत भट्टीचे दगड घेऊन, मागे घरातले सगळे. इओपूच्या अंगणात, घराकडे तोंड करून बसलो. दगड आणि लाकडं पुढ्यात ठेवली. म्हणजे भाजायचं तर भाजा, सामानसुद्धा आम्हीच आणलंय. ताई माझ्या शेजारी गुडघ्यावर बसली आणि आईची चटई आमच्या दोघांच्या डोक्यावर ओढली.

चटईखाली दिसत काही नाही. आईच्या घरातला वास येतो, खोबरेल तेलाचा. आधी कोंबडे ऐकू आले, मग घरात कोणीतरी उठलं, दार वाजलं, पावलं ओसरीपर्यंत आली आणि थांबली. मासेलिनाची. मग परत आत गेली. बराच वेळ काही नाही. ऊन चटईतून यायला लागलं. रस्त्यावर माणसं जमत होती, त्यांची कुजबुज. अलेसानाचा आवाज आला, पण तो आज काही विनोद करत नव्हता. कोणाला तरी म्हणाला, "टोप्या काढा रे." त्याचं मला जास्त लागलं.

"गुडघे?" मी हळूच विचारलं.

"गप्प बस," ताई म्हणाली.

मग ती चटईखालूनच मोठ्याने बोलली. सांगितलं, बोल्ट माझ्या भावाने ढिला ठेवला, खोटं माझ्या भावाने सांगितलं, बाटलीतलं पाणी आमच्या घरचं होतं, तुमच्या पिंपात कधी नव्हतं. सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं. एक शब्द मऊ केला नाही. मी कपाळ जमिनीला टेकलं. घरातून उत्तर आलं नाही. दगड उचलून मारला असता तरी चाललं असतं. उत्तर न येणं सहन होत नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. मान भरून आली, डोकं हलकं झालं, घाम निथळत होता. परत पावलं वाजली. ह्या वेळी ओसरी उतरली, खडे करकरले, आणि अंगावरची चटई उचलली गेली. उजेडाने डोळे दिपले.

मासेलिना चटईचं टोक धरून उभी होती. दुसऱ्या हातात फडकं, त्यात बर्फ आणि सुई.

"काका," ती म्हणाली, "आठ वाजून गेले."

मी सुई घेतली. तिने ताईला दोन्ही हातांनी उठवलं, ओसरीवर नेऊन बसवलं, पाठीला उशी दिली. चटईची नीट घडी करून ताईच्या मांडीवर परत ठेवली. "ही तुमच्यासाठी राहू दे, मावशी. अजून पुष्कळ वर्षं तिची गरज पडणार नाही," म्हणाली. ताई, जी नवऱ्याच्या मयताला रडली नाही, ती रडली.

इओपू खांबाशी उभा होता. आला, माझ्यासमोर उकिडवा बसला, सदऱ्याच्या आतून काहीतरी काढून माझ्या हातात ठेवलं. बारा नंबरचा पाना. लाल दांड्याचा.

"व्हॅन दुकानापुढे बंद पडली ना, त्या दिवशी बॅटरीमागे पडलेला मिळाला पोरीला," म्हणाला. "बघितला आणि कळलं, शंखाला तू काम अर्धं टाकून आलास. मला सगळं कळलं होतं, सेटे."

"मग बोलला का नाहीस? तुझी मुलगी..."

"काय बोलू? ठेव म्हणून मीच म्हणालो होतो तुला. एक मिनिट मागत होतास तू. सभेत बोललो असतो तर म्हणाले असते, मुलीला वाचवायला शंखाला दोष देतो. आणि खरं सांगू का, लाज वाटली. रोज वाटायचं तू येशील. तू आलास की मीही सांगेन." त्याने टोपलीतला एक दगड उगाच सरळ केला. "पोरगी म्हणायची, बाबा, तुम्ही दोघं म्हातारे एकमेकांची वाट बघत बसा, मी जाते आपियाला."

आम्ही दोघं तसेच बसून राहिलो, दगडांच्या टोपलीशी. लोक बघत होते. बघू देत.

सोमवार, १ सप्टेंबर

साखर १२.१. खाल्लं: तारो, मासा, मासेलिनाच्या दुकानातला एक पाव. एकच.

सभेने दंड आमच्यावर फिरवला. आमचं मोठं डुक्कर काल गेलं, पेट्याही गेल्या. मासेलिनाचं पिंप परत उघडलं. फ्रिज ज्याने घेतला होता त्याने मुकाट पैसे परत घेतले. आजची बोट तिच्याशिवाय गेली. तरी मी रस्त्याने चाललो की लोक बोलायचे थांबतात, आणि ते थांबतात ते बरोबरच आहे. चर्चमध्ये काल मी मागच्या बाकावर बसलो. माझ्या बाकावर कोणी आलं नाही. मग इओपू आला.

संध्याकाळी व्हॅन शेडमध्ये होती. अलेसाना धक्क्यावरून टायमिंगचा दिवा घेऊन आला. मी दिवा लावला. कानाने लावलेलं टायमिंग दिव्याखाली दोन अंश चुकलेलं निघालं. अलेसानाने बघितलं आणि दिवा नीट धरून ठेवला. बोल्ट ढिला केला, दुरुस्त करत होतो, तोच शंखाची वेळ झाली. पहिला शंख झाला. माझे हात आपोआप मागे आले.

वर बघितलं तर इओपू दारात उभा. शंख हातात, ओठांपासून लांब.

"आवळ," म्हणाला. "मी थांबतो."

मी बोल्ट आवळला. मग हाताने धरून हलवून बघितला. मग परत एकदा बघितला. तो तोपर्यंत उभा होता. दुसरा शंख आज चार मिनिटं उशिरा झाला. सगळ्या गावाने ऐकलं.